काकांच्या नळ्या माझ्या पोटात

मित्रांनो, माझ्या पोटात आइस्क्रीम नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण मला पाहिलं की लहान मुलं मोठ्या आशेनं माझ्या दाराकडे बघतात आणि मोठी माणसं त्यांना घाईघाईनं बाजूला ओढतात. मी प्रयोगशाळेतला एक म्हातारा डीप फ्रीजर आहे. माझ्या आत शून्याच्याही खाली ऐंशी अंश थंडी असते. तुमच्या घरचा फ्रीज माझ्यापुढे म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी.

माझा जन्म कारखान्यात झाला. जाड पत्रा, दोन भिंतींमध्ये ठासून भरलेला फोम, दाराला रबराची रुंद पट्टी आणि तळाशी दोन कॉम्प्रेसर. एक पहिला टप्पा गार करतो आणि पुढचं काम दुसऱ्याच्या हवाली करतो. श्रेय कुणाचं, यावरून त्यांच्यात आजवर भांडण झालेलं नाही. अशी जोडी मला पुढे माणसांत फारशी दिसली नाही.

मला या विभागात आणलं ते विभागप्रमुख सरांनी. त्यांना तेव्हा कुठल्याशा गवताच्या मुळांवर फार मोठं संशोधन करायचं होतं. माझ्या दाराला रेशमी फीत बांधली, ती कापली, टाळ्या झाल्या. सर म्हणाले, "आजपासून आपला विभाग नव्या युगात प्रवेश करत आहे." मग सगळे चहा प्यायला गेले आणि नवं युग माझ्याजवळ एकटंच राहिलं. पुढे कितीतरी दिवस माझ्या आत गवताच्या मुळांचा एक डबा होता, बस्स. रिकाम्या पोटी गारठत बसण्यात काय सुख आहे, हे मला विचारा.

मग ती आली.

ती होती संगणकाकडची. शिकलेली गणित, हात चालायचा कीबोर्डवर, आणि ध्यास घेतला होता माणसाच्या पोटातल्या जीवाणूंचा. विभागात तिला बसायला जागा नव्हती, म्हणून तिचं टेबल माझ्या पाठीमागे लावलं. आता माझा स्वभाव असा, की आत बर्फ आणि पाठीमागे शेगडी. आतली सगळी ऊब मी मागून बाहेर फेकतो. लोकांना वाटलं, पोरीला कोपऱ्यात टाकलं. ती मात्र थंडीच्या दिवसांत स्वेटर काढून खुर्चीला अडकवायची आणि माझ्या पत्र्याला पाठ टेकून काम करायची. माझी आणि तिची मैत्री झाली ती अशी, पाठीला पाठ लावून.

तिचं काम काय, ते सांगतो. आपल्या पोटात असंख्य जीवाणू राहतात. म्हणजे तुमच्या. माझ्या पोटात सगळे गोठलेले असतात. त्यांतले काही अन्न पचवायला मदत करतात, काही नुसते राहतात, काही उपद्रव देतात. कोण कोण राहतं, हे पोट उघडून बघता येत नाही. म्हणून सकाळी पोटातून जे बाहेर पडतं, त्यातला चिमूटभर भाग एका नळीत घ्यायचा. त्याला शास्त्रात 'नमुना' म्हणतात आणि घरात कुणी काही म्हणतच नाही. नमुन्यातल्या जीवाणूंचा आनुवंशिक मजकूर यंत्र वाचतं, पण तुकड्या-तुकड्यांत. समजा, एक अख्खं वाचनालय फाडून त्याचे कपटे पोत्यात भरले, आणि तुम्हाला सांगितलं, की कुठली पुस्तकं होती आणि प्रत्येकाच्या किती प्रती होत्या ते ओळखा. पोतं मी सांभाळायचो. ओळखायचं काम ती संगणकावर करायची.

पहिल्या नळ्या माझ्यात आल्या त्या दिवशी विभागातल्या मंडळींनी आपले जेवणाचे डबे उचलून वरच्या मजल्यावर नेले. तिला 'पोटवाली' हे नाव पडलं. सर येऊन हळूच म्हणाले, "हे बघ, फ्रीजरवर माझ्या उद्घाटनाची पाटी आहे. तुझं ते सगळं निदान पाटीच्या खालच्या कप्प्यात ठेव."

पोटवालीनं खालचा कप्पा घेतला. नंतर तिनं मधला घेतला. मग दारावर तिचीही पाटी लागली, पण ते पुढे.

तिच्या डोक्यात एक प्रश्न होता. एका घरात राहणारी माणसं एकच अन्न खातात, एकच पाणी पितात, मग त्यांच्या पोटातले जीवाणूही सारखे होतात का? प्रश्न छान होता. अडचण एवढीच, की उत्तरासाठी पुष्कळ घरं हवी होती आणि घरातल्या प्रत्येकाची वेगळी नळी. ती ओळखीपाळखीच्यांकडे गेली. लोक चहा द्यायचे, बिस्किटं द्यायचे, आशीर्वादही द्यायचे. नळी मात्र रिकामी परत यायची.

तेव्हा तिचे काका पुढे आले. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. शिकायला म्हणून ती त्यांच्याच घरी, काकू, आजी आणि चुलतभाऊ दादा यांच्याबरोबर राहिली होती. काका निवृत्त झालेले, आपल्या इमारतीचे सेक्रेटरी, आणि कुठलंही काम अंगावर घेतलं की ते पुरं केल्याशिवाय दुसऱ्याला झोपू न देणारे. "नळ्या दे इकडे," एवढंच म्हणाले आणि पिशवी भरून घेऊन गेले.

थोड्याच दिवसांत ते बर्फाची पेटी छातीशी धरून हजर.

"घे! अख्खी इमारत आहे. शेजारच्या दोन्ही इमारतीसुद्धा."

"काका! सगळ्यांनी दिलं?"

"न देऊन सांगतात कुणाला? म्हटलं, पाण्याची टाकी बंद करीन."

"काका!"

"गंमत केली गं. अगदी प्रेमानं मागितलं."

"आणि कोणाची कोणती, ते बघून चिठ्ठ्या लावल्या ना?"

"मी स्वतः लावल्यात. अक्षर बघ, छापल्यासारखं."

खरंच छापल्यासारखं होतं. आजोबा, आजी, सून, नातू, प्रत्येक नळीवर सुबक नाव. तिनं काकांना मिठी मारली. काका म्हणाले, "बास बास, आता हात धू." मी पहिल्यांदाच दारापर्यंत भरलो, आणि काय सांगू मित्रांनो, भरल्या पोटानं गारठण्यात मोठी मजा असते.

निकाल आला तो थक्क करणारा. एका घरातली माणसं नुसती सारखी नव्हती, जवळजवळ एकच होती. पोटवाली खुर्चीवरून उठली आणि माझ्याभोवती एक चक्कर मारून पुन्हा बसली. निबंध मोठ्या नियतकालिकात छापून आला. वर्तमानपत्रानं मथळा दिला, 'एक छप्पर, एक पोट'. एका संपादकानं हा एकत्र कुटुंबपद्धतीचा विजय आहे असं लिहिलं. दुसऱ्यानं त्याच निबंधावरून कुटुंबातली माणसं एकमेकांपासून लांब राहिलेली बरी, असा सल्ला दिला. सर छायाचित्रकाराला घेऊन आले आणि माझ्या दारावर हात ठेवून उभे राहिले. "आमच्याच फ्रीजरमधलं संशोधन," ते म्हणाले. डबे घेऊन वर गेलेली मंडळी फोटोपुरती खाली आली.

पोटवालीची नोकरी तोवर हंगामी होती. आता तिला कायम करायचं ठरत होतं. निवड समितीपुढे एक व्याख्यान द्यायचं, की झालं. व्याख्यानाची तालीम ती माझ्यासमोर करायची. मी श्रोता म्हणून उत्तम आहे. मध्ये उठून जात नाही आणि शेवटी प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचं भाषण करत नाही.

अशाच एका दुपारी काकूंचा फोन आला. पोटवालीचे हात कामात होते, म्हणून तिनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"अगं, व्याख्यानाला कुठली साडी नेसू?"

"कुठलीही नेस गं काकू. दादा येणार आहे का?"

"येईल की. आता दाढ बरी आहे त्याची. तू नळ्या दिल्या होत्यास ना, त्या आठवड्यात काय हाल झाले पोराचे! गाल हा एवढा. डॉक्टरांनी जबरदस्त गोळ्या दिल्या, त्यानं पोट पार बिघडलं."

"कुठल्या आठवड्यात?"

"तुझ्या नळ्यांच्या. म्हणून तर लक्षात आहे."

फोन ठेवल्याबरोबर तिनं दादाच्या नळीचा निकाल पुन्हा उघडला. मित्रांनो, जीवाणू मारणाऱ्या अशा जबरदस्त गोळ्यांनी पोटातल्या जीवाणूंची वस्ती उजाड होते. आणि दादाच्या नळीत तर वस्ती कशी गजबजलेली होती, सणासुदीच्या बाजारासारखी.

आता यातली खुबी ऐका. नमुन्यात जीवाणूंच्या मजकुराबरोबर थोडा माणसाचाही मजकूर येतो. पोटाची आतली साल सुटते, तिचा. जीवाणू मोजणाऱ्यांना त्याचं काम नसतं. संगणक तो पहिल्याच पायरीला चाळून बाजूला टाकतो आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पोटवालीनं तो टाकलेला भाग उघडला. काकांच्या घरच्या चारही नळ्यांत माणूस एकच होता. शिवाय तो पुरुष होता. संगणकाचं म्हणणं खरं मानलं तर आजींना आणि काकूंना दाढी यायला हवी होती.

तिनं पुढचं घर उघडलं. तिथेही एकच माणूस. त्याच्या पुढचं घर, तिथेही तेच.

दुसऱ्या दिवशी काका-काकू माझ्यासमोर दोन स्टुलांवर बसले होते. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, त्यांना वाटलं सत्काराचं काही ठरवायला बोलावलंय.

"काका, खरं सांगा. नळ्या कोणी भरल्या?"

"कोणी म्हणजे? ज्यानं त्यानं."

"काकूच्या नळीत पुरुष आहे."

काकूंनी मान वळवून काकांकडे बघितलं. त्या नजरेनं माझंही तापमान अंशभर खाली गेलं असावं.

"म्हणजे संगणकानं मला पुरुष ठरवलं?"

"तुला नाही गं, तुझ्या नळीला."

"अगं," काका म्हणाले, "हिला मी नळी दिली तर हिनं मला नळीसकट स्वयंपाकघराबाहेर काढलं. आईचं वय झालेलं. दादा दाढ धरून कण्हतोय. मग म्हटलं, घर एक, स्वयंपाक एक, नळ एक. चार वेळा तेच कशाला? मीच भरल्या चारही."

"आणि बाकीची घरं?"

"लोक लाजतात गं. म्हणून सगळ्यांना सांगितलं, घरटी एकानं द्या, सगळ्या नळ्यांत सारखं वाटा. तुझं काम अडायला नको."

"काका, मला हेच तर शोधायचं होतं. घरातल्यांचं सारखं असतं की नाही."

"मग?" काका भाबडेपणानं म्हणाले. "सारखंच निघालं ना?"



"तुम्ही आता गप्प बसा," काकू म्हणाल्या. "आयुष्यात एकदा माझं काही छापून आलं, तेही ह्यांचंच निघालं."

पोटवालीला हसू फुटलं, पण ते मध्येच अडकलं. काकांना तेव्हा कुठे उमगलं. इस्त्रीच्या शर्टात ते एकदम लहान दिसायला लागले.

"तुझी नोकरी जाईल का गं?"

"माहीत नाही."

"मी येऊन सांगतो त्यांना. हात जोडून सांगतो. चूक माझी आहे."

"तुमची नाही काका. नळीवर नाव आहे म्हणजे आत तोच माणूस असणार, असं मी धरून चालले. विचारलं का मी कधी?"

सरांना कळलं तेव्हा त्यांनी आधी दार लावलं, मग खिडकी लावली. "हे बघ, घाई करू नकोस. आधी कायम हो. मग एखाद्या अंकात दुरुस्ती छापू, बारीक अक्षरात. लोक बारीक अक्षर वाचत नाहीत."

"सर, एका रुग्णालयानं विचारलंय. घरात सगळ्यांचं सारखंच असेल, तर आजारी बाळाऐवजी आईचीच तपासणी केली तर चालेल का? बाळाला त्रास नको म्हणून. त्यांना मी काय सांगू? कायम होईपर्यंत थांबा?"

सरांनी खिडकी पुन्हा उघडली. पुढे ते तिच्या आड आले नाहीत. माणसाचं तेवढंही मी लक्षात ठेवतो.

रुग्णालयाला त्याच दिवशी निरोप गेला, की थांबा, माझा निष्कर्ष चुकला आहे. मग ती माझ्यासमोर नव्या व्याख्यानाची तालीम करायला उभी राहिली. पहिलं वाक्य तिनं पुनःपुन्हा बदललं. शेवटी जे ठरलं ते असं होतं: "हा शोध मी लावलेला नाही. तो माझ्या काकांनी लावला, सकाळी, एकट्यानं."

व्याख्यानाहून परत आली तेव्हा तिनं कपाळ माझ्या दाराला टेकवलं. काकू शेवटी व्याख्यानाला गेल्या नव्हत्या, त्यांना ती फोनवर सांगत होती ते मी ऐकलं. समितीचे अध्यक्ष इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. प्रामाणिकपणाचं सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. आणि जागा दुसऱ्या एका गृहस्थांना दिली, ज्यांच्या संशोधनात अजून कुणाला काका सापडले नव्हते. हिची हंगामी नोकरी मात्र आणखी वर्षभर वाढवली.

काकांनी त्या दिवसापासून प्रयोगशाळेत येणं सोडलं. फोनही काकूच करायच्या.

पोटवाली माझ्या पाठीशी बसली आणि तिनं संगणकाची एक प्रणाली लिहायला घेतली. दुसरे लोक जो भाग चाळून टाकतात, तोच भाग ही प्रणाली वाचायची, आणि सांगायची, की या नळ्यांत खरी माणसं किती आणि नाव कुणाचं लावलंय. शास्त्रज्ञ आपल्या प्रणालीला मोठं भारदस्त नाव देतात. हिनं नाव ठेवलं 'काका'. आणि ती सगळ्यांना फुकट देऊन टाकली.

मित्रांनो, मग जी गंमत झाली! दूरदूरच्या प्रयोगशाळांमधून निरोप यायला लागले. "आम्ही आमच्या नमुन्यांवर काका चालवला आणि आम्हाला तीन काका सापडले." एका वसतिगृहात एकाच उत्साही विद्यार्थ्यानं अख्ख्या मजल्याच्या नळ्या भरल्या होत्या. एके ठिकाणी नळीत माणूसच नव्हता, कुत्रा निघाला. मोठमोठ्या निबंधांवर दुरुस्त्या छापून आल्या, आणि त्या बारीक अक्षरात नव्हत्या. आता नियम असा झालाय, की पोटाच्या जीवाणूंवर काही छापायचं असेल तर आधी विचारतात, "काका केला का?" ज्या गृहस्थांना जागा मिळाली होती, त्यांनीही केला. त्यांना एक मावशी सापडली.

पोटवाली कायम झाली. समिती तीच, अध्यक्ष तेच, या वेळी चष्मा काढला नाही. माझ्या दारावर तिच्या नावाची पाटी लागली. सरांची पाटीही तिनं तशीच राहू दिली, तेवढीच सरांना येता-जाता थांबायला जागा.

पण तिचा मूळ प्रश्न बाकी होता. तिनं त्या इमारतीत घरोघर जाऊन पुन्हा नळ्या वाटल्या. या वेळी प्रत्येकाशी स्वतः बोलली, लाजणाऱ्यांबरोबर बसून हसली. नळ्या खऱ्या आल्या. उत्तरही खरं आलं, पण लहान. एका घरात राहणारे थोडेफार सारखे असतात. मथळा होण्याइतके नाही. काका आणि काकू तर इतके वेगळे निघाले, की जणू वेगवेगळ्या देशांत राहतात.

"मला विचारलं असतंस तर फोनवरच सांगितलं असतं," काकू म्हणाल्या.

आता मी थकलोय. रबराची पट्टी कडक झालीय, दार लावायला दोघांना जोर लावावा लागतो. नवा फ्रीजर आला आहे, काच आणि दिवे असलेला. नळ्या तिकडे हलवायला आलेल्या माणसानं यादी वाचून विचारलं, "ह्या काकांच्या सगळ्या खोट्या ना? टाकून देऊ?"

"त्या सोडून बाकी काहीही टाका," पोटवाली म्हणाली.

त्या नळ्या माझ्याच पोटात राहिल्या, कारण त्यांना वर्षातून एकदा काम असतं. विभागात नवी मुलं येतात, तेव्हा त्यांना ती त्याच चार नळ्यांतला मजकूर देते. आजी, काकू, दादा, काका. "सांगा, कुटुंबाबद्दल काय दिसतं?" मुलं हुशार असतात. सारखेपणा मोजतात, रंगीत आलेख काढतात, खुलतात. मग एखादीच्या मनात शंका येते, ती टाकलेला भाग उघडते आणि चाचरत म्हणते, "मॅडम, हे कुटुंब नाहीये. हा एकच माणूस आहे."

यंदा ते उत्तर आल्यावर पोटवालीनं खोलीचं दार उघडलं. बाहेर काका उभे होते. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. काकूंनी मागून हलकेच ढकललं नसतं, तर आत आलेही नसते.

"ओळख करून देते," पोटवाली म्हणाली. "हे ते कुटुंब."

मुलं आधी हसली, मग उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. काकांना आधी वाटलं थट्टा चाललीय. एका मुलानं विचारलं, "काका, तुम्ही असं का केलं होतं?"

"हिचं काम अडू नये म्हणून," काका खाली बघून म्हणाले.

"अडलं काका," पोटवाली म्हणाली, "म्हणून तर झालं."

काकांनी मान वर केली. मग खिशातून रुमाल काढला, आणि माझ्या दारावर साचलेलं दव पुसतोय असं दाखवत तो बराच वेळ हातात ठेवला.

मित्रांनो, यंत्र जुनं झालं की माणसं ते भंगारात देतात, आणि चूक सापडली की ती त्याहून लवकर देतात. यंत्राचं मी काही म्हणत नाही, माझा त्यात स्वार्थ आहे. पण चूक टाकू नका. तिच्यावर खरं नाव लिहा, तिला नीट सांभाळून ठेवा आणि नव्या मुलांना दाखवा. ठेवायला जागा नसेल तर मला सांगा. माझ्या खालच्या कप्प्यात अजून पुष्कळ जागा आहे. फक्त दार लावताना दोघं या.